स्टिकरची पांढरी कड

वैशाख लागला की भंडाऱ्यात ऊन आणि संशय दोन्ही एकदमच चढतात, असं माझं जुनं मत आहे. ऊन काय, सगळीकडेच चढतं. पण आमच्याकडे हीच लग्नसराई. मुलीकडचे मुलाकडच्यांच्या तोंडाकडे बघत असतात, मुलाकडचे मुलीकडच्यांच्या भांड्यांकडे, यजमान आचाऱ्याच्या तुपाच्या डब्याकडे. मांडवात बसलेली प्रत्येक बाई शेजारणीच्या गळ्यातलं खरं की गिलिटाचं हे हळूच निरखत असते. मीही निरखते. खोटं कशाला सांगू?

यंदा या दिवसांत प्राजक्ता, म्हणजे माझ्या दादाची मुलगी, लोणच्याच्या बरण्यांना लावायला कैरीच्या आकाराचे स्टिकर करायला बसली. हल्ली सगळं घरबसल्या होतं. तिने कॉम्प्युटरवर कैरी काढली, हिरवा रंग भरला, आणि छापणाऱ्यांकडे पाठवून दिली. त्यांनी ती परत पाठवली. म्हणे कापायच्या रेषेच्या बाहेरही थोडा रंग वाढवा, या बाहेरच्या रंगाला ते ब्लीड म्हणतात.

"आत्या, जे कापून फेकायचंच आहे, तिथं रंग कायले पाहिजे यांले?" ती म्हणाली. "जास्तीचा रंग लावून पैसे काढत असतील, पाहा तू."

मला हसू आलं. हेच वाक्य, याच सुरात, मी चाळीसेक वर्षांपूर्वी ऐकलं होतं. असंच ऊन होतं. खोलीत केरोसीनचा आणि शाईचा वास कोंदला होता आणि पंखा बंद होता, कारण पंखा लावला की कागद उडायचे.

तेव्हा दादा आमच्या घराच्या पुढच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग करायचा. प्रभाकर त्याचं नाव. लग्नपत्रिका, दुकानांची कार्डं, सायकलच्या मडगार्डवर लावायची नावं, जे येईल ते. चित्र काढायचं काम माझ्याकडे. चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा मी दिल्या होत्या आणि त्यांचा मला भारी अभिमान होता. दादाकडे धीर होता, माझ्याकडे हात होता, असं आई म्हणायची. धीराचं तर माझ्याकडे तेव्हाही नाव नव्हतं.

उन्हाळा म्हणजे छपाईचा वैरी. चौकटीवर ताणलेल्या जाळीवरून शाई ओढली न ओढली तोच ती जाळीतच वाळायची. मग केरोसीनच्या फडक्याने पुसा, पुन्हा ओढा. दारा-खिडक्यांना ओली पोती टांगलेली, त्यांतून येणाऱ्या झुळकीत खोलीभर बांधलेल्या दोऱ्यांवरचे ओले कागद हलत असायचे. पलीकडच्या गल्लीत पितळेची भांडी ठोकणाऱ्यांचा ठणठणाट सकाळी सुरू व्हायचा तो जेवणाच्या वेळेलाच थांबायचा. आई म्हणायची, तो आवाज थांबला की तिला भूक लागते. संध्याकाळी कारध्याच्या बाजूने, वैनगंगेच्या वाळूतल्या वाड्यांमधून टरबुजं घेऊन गाड्या यायच्या. दादा टरबूज कानाशी धरून थापटायचा आणि हमखास कच्चं निवडायचा.

त्या वर्षी दादाचं लग्न ठरलं होतं. मुलगी पवनीकडची, आसगावची. तिचं नाव कुसुम. तिचे वडील बळीरामजी धानाची शेती करणारे, कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला घाम फुटावा असं बोलणारे. दादाने तिला बघितलं होतं एकदाच, पोह्यांच्या बशीमागून, पण त्यानंतर तो छापता छापता गुणगुणायला लागला होता. आम्ही त्याला फार छळलं. लग्नाला महिनाभर होता.

त्याच सुमारास दामोदरशेठ स्टिकरचं काम घेऊन आले.

दामोदरशेठांचं भांड्यांचं दुकान बाजारात सगळ्यांत जुनं. पाण्याची गुंडी, शिजवायचा गंज, कोपर, गडवा, लग्नात मुलीला द्यायचं सगळं पितळ त्यांच्याकडून घ्यायचं, अशी आसपासच्या गावांची रीत. माल चोख. पण माणूस असा की स्वतःच्या सावलीलाही पाठ दाखवणार नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याच्या पिशवीकडे बघायचे. नोकर घरी जाताना त्याच्या डब्याचं झाकण उघडून बघायचे. चहा आला की कप उन्हात धरायचे. एवढ्या जगात त्यांचा विश्वास एकाच माणसावर होता, तो म्हणजे त्यांचा मुलगा सुरेश. सुरेश गादीवर बसलेला असला की शेठ निवांत पान लावायचे.

बाहेरून हलका, भेसळीचा माल येऊन गावोगावच्या बाजारांत विकला जात होता. म्हणून आपल्या प्रत्येक भांड्यावर आपलं स्टिकर असावं, असं शेठांच्या मनात आलं. साधं चौकोनी नाही. पाण्याच्या गुंडीच्या आकाराचं, लालभडक, त्यावर पिवळ्या अक्षरांत दुकानाचं नाव. तो आकार कापायला नागपूरहून डाय करून आणायची, म्हणजे लाकडाच्या फळीत पोलादी पातं गुंडीच्या आकारात वाकवून बसवायचं. छापलेल्या कागदावर ती दाबली की गुंडी अलगद सुटी होते. भंडाऱ्यात तेव्हा असलं काम नवं होतं. मी हरखून गेले होते.

मी चित्र काढलं. गुंडीची कापायची रेषा बारीक पेन्सिलीने, आणि लाल रंग त्या रेषेच्या बाहेर चहूकडून थोडा थोडा वाढवलेला. शेठांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा रंग रेघेच्या भायेर काहून जाऊन राहिला?"

"शेठ, डाय हाताने दाबायची असते," दादा म्हणाला. "कागद जरासा सरकतोच. रंग बरोब्बर रेषेवर थांबवला आणि कागद केसभर जरी सरकला, तरी कडेला पांढरं दिसतं. म्हणून रंग बाहेर सोडायचा. वरचा कापून जातो."

"म्हंजे माझ्या पैशाचा रंग कापून फेकनार तू."

"थोडासाच."

"अन् दोन गुंड्यांच्या मधात एवढी जागा?"

"दोघींचा रंग बाहेर जातो ना, मग मध्ये जागा ठेवावी लागते."

शेठांनी कागदावर बोटांनी माप घेतलं. मग म्हणाले, "पोरी, हा ठसा माझ्या डायपेक्षा मोठा आहे. उद्या मोठी डाय आनून याच ठशाचे स्टिकर दुसऱ्या कोनाले मारून देशीन, मले काय समजनार? मले नको ते भायेरचं. रेघेवर रंग थांबव. अन् गुंड्या एकमेकीले चिकटवून बसव. कागद वाया नको."

मी भांडले. दादाने मला डोळ्यांनी गप्प केलं. काम मोठं होतं आणि लग्न तोंडावर होतं. मी सगळा वाढवलेला रंग पांढऱ्या शाईने पुसून काढला. तेव्हा मला इतका राग आला होता की कुंचल्याचे केस वाकडे झाले.

चुकीला जागा ठेवायची नाही, हा शेठांचा स्वभावच होता. जागा ठेवली की तिथून कोणीतरी शिरणार. त्यांना कोणी आणि कधी एवढं फसवलं होतं देव जाणे.

छापून झालं. डाय दाबायला शेठ स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. हातमशीनचा दांडा दादाने खाली ओढला, पहिली गुंडी सुटी झाली, आणि तिच्या डाव्या खांद्यावर पांढरी कड. दोऱ्यासारखी. दुसरीला तीच, तिसरीलाही तीच. गठ्ठाच्या गठ्ठा तसा निघाला. उन्हाने कागद थोडा आखडला होता आणि सगळी चूक एकाच बाजूला जमा झाली होती. लाल गुंडीचा एक खांदा जणू चुन्याच्या भिंतीला घासून आला होता.

दादा वाया गेलेले गठ्ठे बाजूला रचू लागला. मी मात्र बोलले. शेठांनी मुकाट ऐकून घेतलं, हे मला तेव्हाही आवडलं होतं. मग म्हणाले, "ठीक आहे. तू म्हनते तसं कर. पन हे वाया गेलेले मी घरी नेतो. इथं राहिले तं कोनीतरी नेऊन कुठंतरी लावन."

"जाळून टाकू ना शेठ, तुमच्यासमोर."

"जाळत काहून? पैसे लागले आहे त्याले. घरात माडीवर कुलपात ठेवतो. एक किल्ली माझ्याजवळ, एक पोराजवळ. तिसऱ्याचा हात नाही लागत."

ते गठ्ठे त्यांनी स्वतः रिक्षात ठेवले. डायही दर वेळी घेऊन यायचे आणि काम झालं की पोटाशी धरून घेऊन जायचे. दुसऱ्या वेळी मी हवा तसा रंग बाहेर सोडला, आणि गुंड्या अशा निघाल्या की हातात घेऊन बघत राहावं. काठापर्यंत लाल. त्या दिवशी शेठांनी पहिल्यांदा आमच्याकडे चहा घेतला, कप उजेडात न धरता.

पंधरवडाही गेला नसेल. अड्याळकडून, लाखांदुरकडून माणसं शेठांच्या दुकानात भांडी आपटायला येऊ लागली. गावच्या बाजारात हातगाडीवरून घेतलेली भांडी. त्यांवर दामोदरशेठांचं स्टिकर, आणि आत भेसळ. एकीची गुंडी गळ्याशी चिरली, एकीचा गंज चुलीवर काळा ठिक्कर पडला. शेठ म्हणायचे, हा माल माझा नाही. लोक स्टिकरवर बोट ठेवायचे.

मग शेठांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगायला सुरुवात केली, "स्टिकर छापते तो प्रभाकर. दुसरी डाय बनवली असन त्यानं. त्याच्याच घरून फुटून राहिले."

भंडारा केवढं? सकाळी दुकानात बोललेलं दुपारी नळावर पोचतं. आमच्या घरी पत्रिका छापायला येणारे लोक कागद स्वतः मोजून द्यायला लागले. किराणेवाला दादाशी बोलताना दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे बघायचा. दादाचं गुणगुणणं थांबलं. घरातही हवा बिघडली. आई समोरच्या पाटलीणबाईंवर संशय घेऊ लागली, कारण त्या कधीतरी दुपारी छपाई बघायला येऊन बसत. मी शाई देणाऱ्या एजंटावर. रात्री दार लावताना आई कडी तीनतीनदा ओढून बघायची, जणू जायचं होतं ते अजून घरातच होतं.

एकट्या दादाने कोणावर संशय घेतला नाही. त्याला फक्त एकच भीती होती, आणि ती त्याने मला जाळी धुताना सांगितली. "शालू, हे आसगावले पोचलं तं?"

पोचलं. एका दुपारी बळीरामजी उन्हातून चालत आले. हातात गमछ्यात बांधलेली गुंडी. आईने पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. गमछा सोडला. मुलीच्या लग्नासाठी पवनीच्या बाजारातून घेतलेली गुंडी, गळ्याशी चीर गेलेली, आणि पोटावर आमचं लाल स्टिकर.

"मी पोरगी देऊन राहिलो तुमच्या घरात," ते दादाला म्हणाले. "गावात लोक मले इचारतात, जावई काय करते? मी सांगतो, छापते. ते हासतात. मले फक्त एवढं सांगा, हे तुमच्या घरून गेलं का नाही? हो असन तं हो म्हना. मी उठून जातो, अन् गोष्ट इथंच संपली."

दादा शाईचे हात फडक्याला पुसत राहिला. खरा माणूस अशा वेळी इतका चोरासारखा का दिसतो, मला आजवर कळलेलं नाही.

मी गुंडी ओढून घेतली. काहीतरी करायचं म्हणून घेतली, दुसरं काही नाही. आणि स्टिकरच्या डाव्या खांद्यावर मला पांढरी कड दिसली. दोऱ्यासारखी.

मी काय ओरडले ते आठवत नाही. आई आतून धावत आली एवढं आठवतं. बळीरामजींना मी दोन्ही छपाया शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या. पहिलीतला एक तुकडा मी वहीत चिकटवून ठेवला होता, निव्वळ शेठांवरच्या रागाने. त्यांनी एकेक कड नखाने चाचपून बघितली, शेतकरी धानाचा दाणा बघतो तशी. मग गमछा खांद्यावर टाकला. "चला," म्हणाले, "शेठजवळच जाऊ."

भर दुपारी आम्ही तिघं बाजारात गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. सुरेश गादीवर सुतळी गुंडाळत होता, शेठ मागे लोडाला टेकून बसले होते. आम्हाला बघून ते ताठ झाले.

"काहून आले?"

बळीरामजींनी गुंडी त्यांच्यासमोर ठेवली. मी म्हटलं, "शेठ, स्टिकर बघा. ही पहिली छपाई आहे. पांढऱ्या कडेची."

शेठांनी चष्मा लावला. गुंडी उजेडाकडे वळवली. अंगठ्याने ती कड एकदा पुसून बघितली, जसं काही ती पुसली जाणार होती. पहिल्या छपाईतला एकही गठ्ठा आमच्या घरी राहिला नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःच नेले होते.

ते मुलाकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं. सुरेशच्या हातातली सुतळी थांबली होती आणि तो मान वर करत नव्हता. पंखा कुरकुरत होता. 

"हे माझंच काम आहे," शेठ म्हणाले.

"म्हंजे?" बळीरामजी म्हणाले.

"माल मीच आनला भायेरून. स्टिकर मीच लावले. प्रभाकरचा यात हात नाही."

"मंग चार मानसांत त्याले चोर काहून म्हनत होते?"

शेठांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, नुसता काढून हातात धरला. "चुकलं," म्हणाले. "ही गुंडी ठेवा इथं. दुसरी घेऊन जा. चांगली देतो."

परतताना बळीरामजी खुशीत होते. आधी बाजूला ठेवलेलं पाणीही ते आमच्या घरी येऊन प्यायले. "मानूस चोर निघाला, पन कबूल केलं त्यानं," ते आईला म्हणाले. मला राहवेना. मी तोंड उघडलं तेवढ्यात दादाने माझा दंड धरला आणि मला मागच्या अंगणात नेलं.

"बोलायचं नाही," तो म्हणाला.

"अरे पण तो म्हातारा खोटं बोलला! पोराने केलं सगळं."

"माहीत आहे. त्यालेही माहीत आहे. पण पोरासाठी त्यानं स्वतःचं नाव दिलं ना. ते वाया जाऊ देऊ नको."

मला ते तेव्हा मुळीच पटलं नाही. आजही अर्धवटच पटतं. पण मी दादाला शब्द दिला, गप्प राहिले, आणि त्याचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. कुसुमवहिनी घरात आली. बळीरामजी प्रत्येक पंगतीत ती गोष्ट रंगवून सांगायचे, शेठ कसा पकडला गेला आणि कसा कबूल झाला. ऐकणारे हसायचे. दामोदरशेठांचं दुकान पुढच्याच सराईला ओस दिसायला लागलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथून पितळ घेणारी घरं नागपूरला जाऊ लागली. शेठ दुकानात येईनासे झाले. संध्याकाळी नदीकडे फिरायला जाताना कधी दिसत. मी नमस्कार केला की थांबायचे, बघायचे, आणि पुढे जायचे. मला त्यांची चीड यायची आणि त्यांच्यामागे धावत जावंसं वाटायचं, दोन्ही एकदम. ते गेले तेव्हा गावाने फार वाईट वाटून घेतलं नाही.

प्राजक्ताच्या कैरीला मी चहूकडून हिरवा रंग वाढवून दिला. का, ते तिला सांगितलं. पांढऱ्या कडेची खरी गोष्ट नाही सांगितली. तिच्या आजोबांची, बळीरामजींची ती लाडकी गोष्ट, आणि शेठच चोर निघाला अशी प्राजक्ताही ती त्यांच्यासारखीच सांगते.

मग परवा शेजारच्या मुलीच्या लग्नात द्यायला गुंडी घ्यायची म्हणून बाजारात गेले. पाय त्याच दुकानाकडे का वळले, सांगता येणार नाही. दुकान आता काचेचं आहे, पुन्हा चांगलं चालतं. सुरेश गल्ल्यावर होता. केस रंगवलेले, अंगावर इस्त्रीचा सदरा. "या शालूताई, बसा," म्हणाला, आणि चांगलीशी गुंडी काढून पुढे ठेवली. शेजारी एक तरुण बाई गंज बघत होती. तिने विचारलं, "भाऊ, माल खरा आहे ना? आमच्या सासूबाई म्हणत होत्या, या दुकानात पूर्वी..."

"बाई, बाबाच्या वेळेस व्हायचं काहीबाही," सुरेश शांतपणे म्हणाला. "साऱ्या गावाले माहीत आहे. मी गादीवर बसलो अन् ते सारं बंद केलं."

बोलला तिच्याशी, पण बघत होता माझ्याकडे. त्या नजरेत मी भीती शोधली. लाज शोधली. ही बोलेल का, असा नुसता प्रश्न तरी असावा म्हणून बघितलं. काहीच सापडेना. इतकी वर्षं सांगून सांगून त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला असेल का? 

दादाला मी शब्द दिला होता. तो मी मोडणार नव्हते.

सुरेशने गुंडी कागदात गुंडाळायला घेतली. मी म्हटलं, "थांब. कागद काढ." गुंडी उलटी करून मी बोटाच्या पेराने तिच्या बुडावर वाजवलं, कान लावून ऐकलं. गळ्याशी वाजवलं, पुन्हा ऐकलं. आवाज खणखणीत होता. "ही नको," मी म्हटलं, "दुसरी काढ." दुसरीही चांगलीच होती. मग तिसरी. फडताळावरच्या सगळ्या गुंड्या मी त्याला एकेक करून खाली काढायला लावल्या, आणि एकही न सोडता वाजवून बघितल्या. त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेजारची बाईही मग आपल्या हातातला गंज उलटा करून वाजवायला लागली.